चिनी, कोरियन, जपानी : भाऊ की शेजारी?

प्रश्न : माझा पुतण्या रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला आहे. तिकडे कोरियन, चिनी, जपानी असे सगळेच साहेब येत-जात असतात. पुतण्या म्हणतो, "काका, आम्हाला तर सगळे एकाच घरातले वाटतात, पण एकमेकांशी बोलताना मोडकंतोडकं इंग्रजी वापरतात." हे तिघे मुळात एकच का? एक असतील तर भाषा वेगळ्या कशा? आणि बातम्यांत सारखं त्यांचं भांडण असतं, ते कशापायी? शिवाय धाकट्या मुलीला यांतली एखादी भाषा शिकायची आहे. कुठली घ्यावी?
एक वाचक, करमाळा

उत्तर : मुलीचा प्रश्न सगळ्यात कामाचा आहे, म्हणून त्याचं उत्तर शेवटी देतो. आधी 'एकाच घरातले' याचा निकाल लावू.

लांबून बघितलं की सगळेच सारखे दिसतात. त्या कोरियन साहेबाला मराठी, तेलुगू आणि बिहारी कामगार नुसत्या तोंडावरून वेगळे ओळखता येत असतील असं मला वाटत नाही. तरी रक्ताचा धागा अगदीच नाही असं नाही. जपानच्या बेटांवर हजारो वर्षं शिकार आणि मासेमारीवर जगणारी माणसं होती. इतिहासकार त्यांना जोमोन म्हणतात. सुमारे तीन हजार ते अडीच हजार वर्षांपूर्वी कोरियाच्या बाजूने दुसरे लोक आले आणि येताना पाण्यातली भातशेती घेऊन आले. आजचा जपानी माणूस मुख्यतः या दोघांच्या मिश्रणातून झाला. पुढेही कोरियातून कारागीर, लेखनिक, भिक्षू येत राहिले. डिसेंबर २००१ मध्ये जपानचे तेव्हाचे सम्राट अकिहितो यांनी वाढदिवसाच्या पत्रकार परिषदेत स्वतःच सांगितलं की त्यांचे पूर्वज सम्राट कान्मू यांची आई कोरियातल्या बेक्जे राज्याच्या मुर्यॉन्ग राजाच्या वंशातली होती, आणि त्यामुळे आपल्याला कोरियाशी नातं वाटतं. कान्मू ७८१ मध्ये गादीवर आले. म्हणजे गोष्ट बाराशे वर्षांपूर्वीची आणि जुन्या जपानी इतिहासग्रंथात नोंदलेली. तरी सम्राटाच्या तोंडून ती आली, तेव्हा कोरियन वर्तमानपत्रांनी ती ठळक छापली आणि जपानी वर्तमानपत्रांपैकी बहुतेकांनी फारशी जागा दिली नाही. तुमच्या भांडणाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला या छपाईतच दिसतं.

भाषेचं मात्र वेगळंच आहे. चिनी ही तिबेटी आणि बर्मी यांच्या कुळातली. आपल्या मणिपूरची मैतेई आणि नागालँडच्या बहुतेक भाषा याच कुळातल्या. भाषांच्या वंशावळीत चिनी माणसाला इंफाळ जवळचं आणि सोल परकं. कोरियन आणि जपानी या दोन भाषा चिनी कुळातल्या नाहीत. त्या एकमेकींच्या बहिणी आहेत का, यावर पंडित शंभर वर्षांहून जास्त काळ भांडताहेत आणि अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. पण दोघींची वाक्यं मात्र आपल्या मराठीसारखी, क्रियापद शेवटी ठेवून. आपण 'मी भात खातो' म्हणतो, जपानी माणूस 'वाताशी वा गोहान ओ ताबेरु' म्हणतो. शब्दांचा क्रम तोच, आणि शब्दाच्या मागे लागणारे प्रत्ययही आहेत. चिनी माणूस 'वो छ्र फान' म्हणतो, म्हणजे 'मी खातो भात'. हा फरक वरवरचा नाही. वाक्याचा सांगाडाच निराळा आहे.

मग सारखेपणा येतो कुठून? सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला हे समजावून सांगायला मला फार लांब जावं लागत नाही. करमाळ्यात मराठी, अक्कलकोटला गेलात की बाजारात कानडी, सोलापूरच्या विणकर वस्तीत तेलुगू. कानडी आणि तेलुगू द्राविड कुळातल्या, मराठी आर्य कुळातली, म्हणजे मुळं वेगळी. पण सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धेश्वर. ते बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर, त्यांची वचनं कानडीत, आणि संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज पाहायला सगळ्या भाषांची माणसं येतात. शब्द, सण, देव, जेवण हे सगळं कुळाच्या कुंपणावरून इकडून तिकडे जातं. तुमच्या करमाळ्यात कमलाभवानीच्या देवळाला दाक्षिणात्य धाटणीची गोपुरं आहेत, म्हणून करमाळकरांना कुणी तमिळ म्हणत नाही. चीन, कोरिया आणि जपान यांचं नातं याच जातीचं. जन्माने तिघे वेगळे, आणि दोन हजार वर्षं शेजारी राहून एकमेकांसारखे झालेले.

फरक एवढाच की त्या शेजारात बराच काळ देणारा एकच होता आणि घेणारे दोघे. देणारा चीन. आणि त्याने दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे लिपी. चिनी अक्षर हे आवाजाचं चिन्ह नसून शब्दाचं चिन्ह आहे, त्यामुळे ते परक्या भाषेतही वाचता येतं, फक्त उच्चार आपला लावायचा. म्हणून कोरियन दरबारातला पंडित, क्योतोचा भिक्षू आणि बीजिंगचा अधिकारी एकत्र आले की बोलणं अडायचं, पण कागद आणि कुंचला पुढे ठेवला की तिघं तासन् तास गप्पा मारायचे. तोंडाने एक शब्द न बोलता. तुमच्या पुतण्याचे साहेब आज इंग्रजीचा आधार घेतात, त्यांचे खापरपणजे चिनी अक्षरांचा घ्यायचे. आज कोरियन आणि जपानी शब्दकोशांत निम्म्याच्या आसपास शब्द चिनी मुळाचे आहेत. आपल्याकडे संस्कृतातून आलेल्या तत्सम शब्दांचं जे स्थान, साधारण तेच त्यांचं तिकडे. कोर्टात, विद्यापीठात, अग्रलेखात जास्त आणि चुलीपाशी कमी.

लिपीबरोबर गेला तो बौद्ध धर्म, आणि इथे आपला महाराष्ट्र येतो. कोरियाच्या उत्तरेकडच्या गोगुर्यॉ राज्यात ३७२ मध्ये चीनमधून धर्म पोचला. ३८४ मध्ये बेक्जेला मारानांता नावाचा भिक्षू आला. परंपरा त्याला भारतीय मानते. बेक्जेच्या राजाने सहाव्या शतकाच्या मध्यात जपानला बुद्धमूर्ती आणि ग्रंथ पाठवले. ही साल कुणी ५३८ मानतो, कुणी ५५२. एवढं सगळं होऊन गेल्यावर चीनमधून एक भिक्षू पायी निघाला आणि सातव्या शतकात आपल्याकडे येऊन गेला. शाळेच्या पुस्तकात त्याचं नाव ह्युएन त्संग असं होतं.

६४१ च्या सुमाराला तो महाराष्ट्रात होता. तेव्हा हर्षाला नर्मदेवर अडवणारा चालुक्यांचा दुसरा पुलकेशी राज्य करत होता. ह्युएन त्संगने इथल्या लोकांबद्दल लिहिलंय की ते साधे पण मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमान केला तर सूड घेतल्याशिवाय राहत नाहीत. मराठी माणसाला हे वर्णन इतकं आवडतं की प्रत्येक पिढीत कुणीतरी ते भाषणात सांगतोच. पण तो परत गेल्यावर काय झालं, ते भाषणात येत नाही, आणि तुमच्या प्रश्नाचं मर्म तिथे आहे. ६४५ मध्ये तो छांगआनला, म्हणजे आजच्या शिआनला पोचला आणि ६६४ मध्ये मरेपर्यंत संस्कृत ग्रंथांची चिनी भाषांतरं करत राहिला. त्याच्या शिष्यांत वॉनचुक नावाचा कोरियन होता. तो सिल्ला राज्यातला, राजघराण्याशी संबंध असलेला. त्याने लिहिलेल्या टीकाग्रंथाचं पुढे तिबेटीतही भाषांतर झालं. ६५३ मध्ये जपानहून दोशो नावाचा भिक्षू आला आणि तोही ह्युएन त्संगजवळ शिकला. त्याने परत जाऊन जपानमध्ये होस्सो पंथाची सुरुवात केली. ७०० मध्ये दोशो वारला तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याचं दहन केलं, आणि जपानचा अधिकृत इतिहासग्रंथ सांगतो की त्या देशात प्रेताला अग्नी देण्याची रीत तिथून सुरू झाली.

महाराष्ट्रातून चालत गेलेल्या त्या एका माणसाभोवती चिनी, कोरियन आणि जपानी विद्यार्थी शिकले, हे मला फार मोलाचं वाटतं. शिआनजवळच्या शिंगच्याओ मठात आजही तीन स्तूप शेजारी उभे आहेत. मधला ह्युएन त्संगचा, बाजूचे दोन त्याच्या शिष्यांचे. त्यांतला एक चिनी क्वेइजीचा आणि एक कोरियन वॉनचुकचा. ह्युएन त्संगच्या नावावर असलेलं 'प्रज्ञापारमिता हृदय' या छोट्या सूत्राचं भाषांतर तिन्ही देशांत पाठ म्हटलं जातं. अक्षरं तीच, पण बीजिंग, सोल आणि क्योतोचा पाठ ऐकला तर तीन वेगळी सूत्रं वाटावीत इतके उच्चार निराळे.

आणखी एक वाटसरू सांगायलाच हवा. हेचो हा सिल्लाचा कोरियन तरुण भिक्षू, सातशे वीसच्या दशकात भारतभर फिरला आणि प्रवासवर्णन लिहिलं ते चिनीत. ते हरवलं. १९०८ मध्ये पॉल पेलिओ या फ्रेंच संशोधकाला दुनह्वांगच्या गुहेत त्याचं हस्तलिखित सापडलं आणि आता ते पॅरिसला आहे. उलट दिशेने बोधिसेन नावाचा भारतीय भिक्षू ७३६ मध्ये जपानला पोचला. ७५२ मध्ये नारा इथल्या महाबुद्धाच्या प्रचंड ब्राँझ मूर्तीचे डोळे रंगवण्याचा विधी झाला तेव्हा कुंचला त्याच्या हातात होता.

आता घेणाऱ्यांनी काय केलं ते पाहू, कारण दोघांनी घेतलेलं तसंच्या तसं ठेवलं नाही. जपानी भिक्षू आणि दरबारातल्या बायकांनी चिनी अक्षरं झिजवत झिजवत उच्चाराची सोपी चिन्हं केली. त्यांना काना म्हणतात. अकराव्या शतकाच्या आरंभी मुरासाकी शिकिबूने 'गेंजीची गोष्ट' ही मोठी कादंबरी याच लिपीत लिहिली, तेव्हा पुरुष मंडळी अजून प्रतिष्ठेसाठी चिनीत लिहीत होती. कोरियाने वेगळा मार्ग काढला. १४४३ मध्ये राजा सेजोंगने जीभ, दात, ओठ, घसा कसे हलतात याकडे पाहून नवी लिपी आखली आणि १४४६ मध्ये जाहीर केली. तीच आजची हंगुल. दरबारातले पंडित खवळले. छ्वे मान्ली नावाच्या विद्वानाने १४४४ मध्ये राजाला लेखी कळवलं की स्वतःची लिपी मंगोल, जपानी, तिबेटी अशा रानटी लोकांची असते, आपण चिनी संस्कृतीतले सुसंस्कृत, आपल्याला हे शोभत नाही. हे पत्र वाचून मला ज्ञानेश्वरांच्या काळातले आपले पंडित डोळ्यांपुढे आले. राजाने ऐकलं नाही. पण पंडितांनीही पुढची चारशे वर्षं गंभीर लेखन चिनीतच केलं आणि हंगुलला बायकांची लिपी म्हणून हिणवलं.

चीनमध्ये अधिकारी परीक्षेने निवडत. कोरियाने ही पद्धत ९५८ मध्ये घेतली आणि १८९४ पर्यंत चालवली. जपानने ती नावापुरतीच उचलली. तिथे अधिकार जन्माने मिळायचा आणि पुढे तलवारीने. माझ्या मते या एका फरकाने कोरियन आणि जपानी समाज एकमेकांपासून जितके दूर गेले, तितके दुसऱ्या कशानेही गेले नाहीत. आजही मुलांच्या परीक्षेचं कोरियात जे वेड आहे, त्याची मुळं मला तिथे दिसतात. जेवणाच्या काड्यांचंच बघा. चीनमध्ये लांब, जपानमध्ये आखूड आणि टोकदार, कोरियात धातूच्या. जपानी माणूस भाताचा वाडगा हातात उचलून जेवतो. कोरियात जुन्या वळणाच्या घरी वाडगा उचलला तर वडीलधारे डोळे वटारतात, भात चमच्यानेच खायचा. आणि किमचीमधली लाल मिरची कोरियाची नव्हेच. आपल्या शेंगा चटणीतल्या मिरचीप्रमाणे तीही मूळची अमेरिकेची, युरोपीय जहाजांतून आशियात आलेली.

आता भांडण. याची पहिली मोठी तारीख १५९२. जपानच्या तोयोतोमी हिदेयोशीला मिंग चीन जिंकायचा होता आणि वाट कोरियातून होती. त्याने दीड लाखावर सैन्य पाठवलं. सात वर्षं कोरिया उजाड होत राहिला. समुद्रावर सेनापती यी सुन-शिनने जपानी आरमाराची रसद तोडली, मिंग सैन्य कोरियाच्या मदतीला आलं, आणि १५९८ मध्ये हिदेयोशी मेल्यावर जपानी परतले. परतताना त्यांनी कोरियन कुंभार पकडून नेले. त्यांतल्या यी साम-प्योंगला क्यूशू बेटावरच्या आरिता इथे चिनी मातीची भांडी करायला लागणारी माती सापडली, आणि जपानी पोर्सिलेनचा उद्योग तिथे उभा राहिला, असं परंपरा सांगते. आरितातल्या एका देवळात आज त्याची पूजा होते. कांग हांग नावाचा पंडित असाच कैदेत गेला आणि जपानी विद्वानांना कन्फ्यूशियसचं नवं तत्त्वज्ञान शिकवून परतला. याच युद्धातल्या हजारो कोरियन आणि चिनी बळींची नाकं आणि कान कापून मोजणीसाठी जपानला पाठवली होती. ती जिथे पुरली ती टेकडी क्योतोत आजही आहे.

यानंतर दोनशे वर्षं शांतता होती, ती मात्र कुणी सांगत नाही. १६०७ ते १८११ या काळात कोरियन राजाने जपानला बारा शिष्टमंडळं पाठवली. शेकडो माणसांचा लवाजमा, आणि वाटेत जपानी विद्वान त्यांच्याकडून कविता लिहून घ्यायला रांगा लावायचे.

एकोणिसाव्या शतकात पारडं फिरलं. मेजी सम्राटाच्या काळात जपानने पश्चिमेकडून कारखाने, तोफा आणि कायदे घेतले. १८९४-९५ मध्ये कोरियावर कुणाचं वजन असावं यावरून चीन-जपान युद्ध झालं आणि जपान जिंकला. आता शिष्य गुरूला शिकवू लागला. हजारो चिनी तरुण तोक्योत शिकायला गेले. लेखक लू शुन सेंदाईला वैद्यक शिकला, सुन यत-सेनने १९०५ मध्ये आपली क्रांतिकारी संघटना तोक्योतच उभी केली. पाश्चात्त्य कल्पनांसाठी जपान्यांनी चिनी अक्षरं जोडून जे नवे शब्द घडवले, ते चीन आणि कोरियाने उचलले. ग्रंथालयाला जपानी 'तोशोकान', कोरियन 'तोसोग्वान' आणि चिनी 'तूशुग्वान' म्हणतात. माल चीनचा, जुळणी जपानची.

१९०९ च्या २६ ऑक्टोबरला आन जुंग-गुन या कोरियन तरुणाने चीनमधल्या हार्बिन स्टेशनवर जपानचे मुत्सद्दी इतो हिरोबुमी यांना गोळ्या घातल्या. त्याला २६ मार्च १९१० रोजी फाशी झाली आणि त्याच वर्षी जपानने कोरिया आपल्या राज्यात जोडून टाकला. पण आनने तुरुंगात काय लिहायला घेतलं होतं? पूर्व आशियातल्या शांततेवरचा निबंध. तिन्ही देशांची सामाईक बँक असावी, चलन सामाईक असावं, तरुणांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, असे त्याचे विचार होते. निबंध अपुरा राहिला. २०१४ मध्ये चीनने हार्बिन स्टेशनात त्याचं स्मारक केलं. कोरियाने आनंद मानला, जपानने निषेध नोंदवला.

आणि इथे आपला सोलापूरकर येतो. १९३७ मध्ये जपानने चीनवर पूर्ण ताकदीने हल्ला केला. त्या वर्षीच्या डिसेंबरात नानजिंगमध्ये जी कत्तल झाली, ती चिनी माणूस आजही विसरलेला नाही. चिनी सेनापती चू दे यांनी पंडित नेहरूंना डॉक्टर पाठवण्याची विनंती केली. काँग्रेसचे अध्यक्ष तेव्हा सुभाषबाबू होते. सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईहून पाच डॉक्टर निघाले. त्यांत दोघे महाराष्ट्रातले होते, नागपूरचे चोळकर आणि सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस. कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१०, म्हणजे जपानने कोरिया गिळला त्याच वर्षातला. १९३९ च्या फेब्रुवारीत ते चिनी कम्युनिस्टांचं ठाणं असलेल्या येनआनला पोचले.

कोटणीसांची पुढची कहाणी तुम्हाला ठाऊक असेल. शांतारामबापूंचा १९४६ चा सिनेमाही आहे. बेथ्यून रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. तिथल्या परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला आणि ९ डिसेंबरला बत्तिसाव्या वर्षी अपस्माराच्या झटक्यांनी ते गेले. पण मला सांगायचंय ते त्यांच्या आजूबाजूच्या माणसांबद्दल. आपण त्या युद्धाला चीन विरुद्ध जपान म्हणतो. पण त्या काळात येनआनमध्ये तिन्ही देशांची माणसं होती. १९३९ मध्ये तिथे चिनी लाल सैन्याच्या आठव्या सेनेच्या गीताला ज्याने चाल लावली, तो चंग ल्युचंग, कोरियन उच्चाराने जंग युल-सॉन्ग, कोरियातल्या ग्वांगजूचा. तीच चाल आज चिनी सैन्याची अधिकृत चाल आहे. १९४० पासून तिथे नोसाका सान्झो हा जपानी कम्युनिस्ट होता आणि पकडल्या गेलेल्या जपानी सैनिकांची युद्धविरोधी संघटना चालवत होता. त्याच वेळी दुसरा कोरियन तरुण जपानने मांचुरियात उभारलेल्या मांचुकुओ राज्याच्या सैन्याच्या अकादमीत अधिकारी होण्याचं शिक्षण घेत होता. नाव पार्क चुंग-ही. पुढे तो दक्षिण कोरियाचा राष्ट्राध्यक्ष झाला.

त्याच पार्कने १९६५ मध्ये, सोलमध्ये विद्यार्थ्यांचे प्रचंड मोर्चे निघत असताना, जपानशी करार केला. तीस कोटी डॉलर अनुदान आणि वीस कोटी कर्ज मिळालं. त्यातल्या काही पैशांतून आणि जपानी पोलाद कंपन्यांच्या मदतीने पोहांगला पॉस्को कंपनीचा पोलादाचा कारखाना उभा राहिला. त्याच पॉस्कोचा एक कारखाना आज रायगड जिल्ह्यात माणगाव तालुक्यात आहे. तुमच्या पुतण्याच्या रांजणगावात कोरियाची एलजी आणि चीनची हायर अशा दोन्ही कंपन्यांचे कारखाने आहेत. ज्या देशांनी एकमेकांना इतकं जाळलं, त्यांचा पैसा, पोलाद आणि सुटे भाग मात्र एकमेकांशिवाय चालत नाहीत.

तरी जखम भरत नाही. जपानी छावण्यांत नेलेल्या कोरियन आणि चिनी स्त्रियांचा प्रश्न, युद्धगुन्हेगारांची नावं असलेलं तोक्योतलं यासुकुनी मंदिर, दोक्दो आणि सेनकाकू नावाचे चिमुकले बेटसमूह, यांवरून दर दोन-चार वर्षांनी वाद पेटतो. माझं मत विचाराल तर हे परक्यांचं वैर नव्हे. लांबच्या माणसाने मारलं तर माणूस एका पिढीत विसरतो. ज्याला लिहायला शिकवलं त्याने मारलं, हे चीन विसरत नाही. ज्याला धर्म आणि भांडी दिली त्याने आपली भाषा शाळेतून काढली आणि १९४० पासून आपली नावं जपानी करायला लावली, हे कोरियन विसरत नाही. आणि जपानी शाळेच्या पुस्तकात याला किती ओळी मिळतात, याच्यावर बाकी दोघांचा डोळा असतो.

आता मुलीचा प्रश्न. नोकरीचा विचार असेल तर तिन्हींना मागणी आहे, म्हणून ती गोष्ट बाजूला ठेवू. चिनी भाषेचं व्याकरण सोपं, विभक्त्या नाहीत, पण एकाच 'मा'चे चढ-उतारावरून चार अर्थ होतात आणि अक्षरं हजारोंनी पाठ करावी लागतात. कोरियनची लिपी आठवड्यात वाचता येते. नाटकं बघून कान तयार झालेली मुलं पटकन पुढे जातात, पण मोठ्यांशी, बरोबरीच्यांशी आणि लहानांशी क्रियापद बदलायचं, यात वेळ जातो. तरी 'तू' आणि 'तुम्ही'चं वळण असलेल्या मराठी मुलीला ते अगदी परकं वाटायचं नाही.

माझी शिफारस जपानीची. पहिलं कारण व्यवहाराचं. पुण्यात ती शिकवण्याची जुनी परंपरा आहे, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठात वर्ग चालतात, आणि जपानी भाषेची जागतिक परीक्षाही पुण्यात देता येते. जेऊरहून रेल्वेने परीक्षेला जाऊन यायला सोय आहे. दुसरं कारण वाक्याचा क्रम, ते वर सांगितलंच. तिसरं थोडं गमतीचं. जपानी अक्षरांचा तक्ता 'आ, इ, उ, ए, ओ' असा सुरू होतो, आणि पुढे क, स, त, न, ह, म, य, र, व अशा ओळी येतात. जुन्या जपानीत त्या 'स'चा उच्चार 'च'च्या जवळचा होता आणि 'ह'चा 'प' होता. ते घालून पुन्हा म्हणून बघा. आपल्या मुळाक्षरांचाच क्रम लागतो, कारण मंत्रांसाठी सिद्धम् लिपी आणि संस्कृत वर्णमाला शिकणाऱ्या जपानी भिक्षूंनी हा तक्ता तिच्यावरून लावला. पहिल्या शेहेचाळीस अक्षरांसाठी मुलीला काही दिवस पुरतील. त्यानंतर चीनकडून आलेली कांजी आहेत. जपान सरकारच्या रोजच्या वापराच्या यादीत ती २१३६ आहेत. रोज तीन घोटली तर दोन वर्षं लागतील. वही आत्ताच जाड घ्या.